घर राखायचं हत्यार: आधी हात बघा, मग दुकान

गेल्या काही महिन्यांत जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून घरात ठेवायच्या परवान्याच्या हत्याराबद्दल बरीच पत्रं आली. बहुतेकांचा प्रश्न एकच: कोणतं चांगलं? निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न: केळीच्या मळ्यात घर आहे, वस्ती लांब. जिल्हाधिकारी कार्यालयातून हँडगनचा परवाना मिळाला. पिस्तूल घेऊ की रिव्हॉल्व्हर? दुकानदार पिस्तुलाचा आग्रह धरतो. (रावेर तालुका)

दादा, दुकानदाराला बाजूला ठेवा आणि स्वतःला विचारा: महिन्यातून किती वेळा रेंजवर जाऊन गोळी चालवणार? प्रामाणिक उत्तर ‘वर्षातून एकदा’ असेल, तर रिव्हॉल्व्हर घ्या. पिस्तूल वाईट असतं म्हणून नाही, त्याला सराव लागतो म्हणून.

आपल्याकडे सामान्य नागरिकाला ९ मिमी, .३८ असे बोअर (नळीच्या आतल्या व्यासाची मापं) मिळत नाहीत, ते प्रतिबंधित आहेत. घरासाठी व्यवहारात निवड उरते ती मुख्यतः .३२ बोअरची. मात्र ‘बत्तीस’ म्हटलं तरी काडतुसं दोन वेगळी. रिव्हॉल्व्हरचं .३२ लाँग लांबट, कड असलेलं, शिशाच्या गोळीचं, केस (काडतुसाचं पितळी नळकांडं) सुमारे २३ मिमी. पिस्तुलाचं ७.६५ मिमी म्हणजे .३२ एसीपी, त्याची केस जेमतेम १७ मिमी. एकाचं दुसऱ्यात वापरायचं नाही. काडतुसं घेताना हत्याराचा प्रकार सांगा आणि डबीवरचं नाव स्वतः वाचा.

रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस फुटलं नाही, तर चाप पुन्हा ओढला की सिलिंडर (काडतुसांचं फिरतं चक्र) फिरून पुढचं काडतूस समोर येतं. पिस्तुलात तसं होत नाही. स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) ओढून ते काडतूस बाहेर टाकावं लागतं. झोपेतून उठलेला, घाबरलेला माणूस हे सराव असेल तरच करू शकतो. शिवाय पिस्तूल सैल मनगटाने धरलं, तर स्लाइडला मागे जायला पुरेसा आधार मिळत नाही आणि रिकामी केस बाहेर पडायच्या खिडकीतच उभी अडकते. .३२ एसीपीची एक खास खोडही आहे. या काडतुसाला बुडाशी थोडी कड असते. मॅगझीन (मुठीत बसणारी काडतुसांची डबी) भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि मॅगझीन बंद पडतं. म्हणून भरताना प्रत्येक वरचं काडतूस खालच्याच्या थोडं पुढे बसलंय ना, ते बोटाने चाचपत जा.

पिस्तुलाने घरात जे अपघात होतात, त्यांतले कितीतरी एकाच चुकीतून होतात: मॅगझीन काढलं म्हणजे हत्यार रिकामं झालं, ही समजूत. नळीच्या मागच्या टोकाच्या घरात एक काडतूस तसंच बसलेलं असू शकतं. क्रम कायम हाच: आधी मॅगझीन बाहेर, मग स्लाइड मागे, मग आत डोळ्यांनी पाहा आणि करंगळीने चाचपा. क्रम उलटा केला, म्हणजे आधी स्लाइड आणि मग मॅगझीन, तर तुम्ही स्वतःच नवं काडतूस आत चढवलेलं असतं.

आता हाताची गोष्ट. परवाना असलेल्या दुकानात, हत्यार रिकामं करून आणि डमी काडतुसं घालून, मालकाच्या परवानगीने ही परीक्षा घ्या. मूठ जितकी वर धरता येईल तितकी वर धरा. हाताची रेघ आणि नळीची रेघ एकाच ओळीत आली पाहिजे. रिव्हॉल्व्हरच्या चापावर तर्जनीचं पहिलं पेर, फार तर पहिला सांधा पोचला पाहिजे. बोटाचं नुसतं टोक टेकत असेल, तर मूठ तुमच्या हाताला मोठी आहे. मग नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि घोडा (मागचा, काडतुसावर आदळणारा हातोडा) न चढवता सलग दहा वेळा चाप ओढा. नाणं पडलं किंवा सातव्या-आठव्या वेळी बोट थरथरलं, तर दुसरं हत्यार मागा. घोडा न चढवता ओढायचा चाप पाच किलोच्या आसपास जड असू शकतो. एका बोटाने पाच किलो ओढायचे आणि बाकीचा हात स्थिर ठेवायचा, हे वाचायला सोपं वाटतं.

नळीचं टोक मनगटापासून वीतभर पुढे असतं. ते तिथे एक मिलिमीटर हललं, तर पाच मीटरवर गोळी सुमारे अडीच सेंटिमीटर सरकते. चाप हिसकावून ओढणाऱ्याचं टोक एक मिलिमीटर नाही, पाच-सहा मिलिमीटर हलतं. म्हणून पाच मीटरवरून थाळी चुकवणारी माणसं दिसतात, आणि दोष हत्याराला देतात.

लांब पल्ल्याच्या जाहिरातीत अडकू नका. कानपूरच्या सरकारी कंपनीने २०२३ मध्ये ‘प्रबल’ हे .३२ रिव्हॉल्व्हर आणलं. त्याचा ५० मीटरचा पल्ला सगळे कौतुकाने सांगतात. घरासाठी त्याचा खरा गुण दुसराच आहे: सिलिंडर बाजूला उघडतं, त्यामुळे जुन्या मोडून (बिजागरीवर नळी खाली दुमडून) उघडायच्या रिव्हॉल्व्हरसारखं बिजागरी झिजण्याचं भय नाही. पल्ल्याचं म्हणाल, तर दहा बाय बाराच्या खोलीचा कर्ण साडेपंधरा फूट भरतो.

प्रश्न: मी दिवसभर घरी एकटी असते. माझ्या नावाने परवाना काढतोय. ‘बायकांसाठी हलकं’ म्हणून निर्भीक सुचवतात. घ्यावं का? (धुळे शहर)

ताई, हलकं म्हणजे सोपं, ही समजूत सोडा. ‘निर्भीक’ हे रिव्हॉल्व्हर २०१४ साली आलं. टायटॅनियम मिश्रधातूचं, .३२ बोअरचं, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचं. पर्समध्ये वागवायला ते बरं. पण काडतूस तेच आणि हत्याराचं वजन कमी, म्हणजे धक्का जास्त हाताला येतो. आणि वजन कमी झालं म्हणून चाप हलका होत नाही. घरात ठेवायचं हत्यार तुम्ही दिवसभर अंगावर वागवणार नाही. थोडं जड, पूर्ण मूठ भरेल असं रिव्हॉल्व्हर नवशिक्या हातात जास्त स्थिर राहतं. ‘निडर’ हे .२२ बोअरचं, सुमारे २५० ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर हाताळायला सौम्य आहे. पण .२२च्या काडतुसात ठिणगीचा मसाला कडेत भरलेला असतो, आणि अशी काडतुसं बुडाच्या मधे ठिणगीची टोपी असलेल्यांपेक्षा जास्त वेळा फुसकी निघतात. संधिवाताने बोटं दुखत असतील तर .२२चा विचार करा, एरवी .३२.

दुकानात नवऱ्याने किंवा भावाने हत्यार हातात घेऊन ‘मस्त आहे’ म्हणणं उपयोगाचं नाही. चाप तुमच्याच बोटाने दहा वेळा ओढून बघा. आणि नाव तुमचं असेल, तर ते हत्यार तुमचंच. घरातल्या दुसऱ्याने परवान्यावर नाव नसताना ते वापरणं गुन्हा आहे.

सरावासाठी एक स्वस्त वाट सुचवतो: १० मीटरच्या नेमबाजीचं, हवेच्या दाबावर चालणारं एअर पिस्तूल. ४.५ मिमी म्हणजे .१७७ पर्यंतचं, आणि २० ज्यूलच्या आत जोर असलेलं एअर हत्यार परवान्याशिवाय घेता येतं. रोज वीस छर्रे, चार महिने. चापाची शिस्त बोटात बसते, आणि ती .३२ला जशीच्या तशी उपयोगी पडते.

प्रश्न: परवान्याचा अर्ज कसा करायचा? एजंट भरपूर पैसे मागतो. (पाचोरा)

एजंटाची गरज नाही. आपल्या तिन्ही जिल्ह्यांत परवाना देणारे अधिकारी जिल्हादंडाधिकारी, म्हणजे कलेक्टर कचेरी. अर्ज नमुना ए-१ मध्ये. सोबत ओळख आणि पत्त्याचे पुरावे, नमुना एस-३ मधलं शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि हत्यार कुठे, कसं कुलपात ठेवणार याची हमी. वय किमान २१. मग पोलीस ठाण्याचा अहवाल जातो.

अर्ज अडतो तो बहुतेक ‘कारण’ या रकान्यात. ‘संरक्षणासाठी’ एवढंच लिहू नका. वस्तीपासून घर किती लांब, रात्री रोकड का ठेवावी लागते, आधी चोरी किंवा धमकीची तक्रार दिली असेल तर तिचा क्रमांक आणि तारीख, हे सगळं लिहा. नाकारलं तर कारणासह लेखी आदेश मागा. ३० दिवसांत अपील करता येतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ५ वर्षं आहे, आणि एका माणसाला जास्तीत जास्त २ हत्यारं.

प्रश्न: वडील ७२ वर्षांचे. त्यांच्या नावावर जुनं मोडून उघडणारं .३२ रिव्हॉल्व्हर आहे, तीस वर्षं झाली. ते मला मिळू शकेल का? आणि वापरण्याजोगं आहे का, कसं ओळखायचं? (शहादा)

मिळू शकेल. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाने ७० वर्षं पूर्ण केली किंवा हत्यार २५ वर्षं बाळगलं, की तो हयातीतच वारसाच्या नावाने ते करण्यासाठी अर्ज करू शकतो. दोन्ही अटी तुमच्याकडे बसतात. पण तुमचा स्वतःचा परवाना मंजूर होईपर्यंत ते वडिलांचंच. तुम्ही ते घेऊन शेतावर जायचं नाही. आणि परवानाधारक वारले तर हत्यार कपाटात तसंच राहू देऊ नका. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. दुःखाच्या घरात हे कुणाला सुचत नाही, आणि पुढे त्याचाच त्रास होतो.

आता तपासणी. आधी रिकामं करा, सिलिंडरची सहाही घरं मोजून बघा. मग हत्यार बंद करून नळी एका हातात, मूठ दुसऱ्या हातात धरा आणि हलक्याने वरखाली हलवा. बिजागरीत किंवा वरच्या कडीत खडखड जाणवली, तर कडी झिजली आहे. असं हत्यार गोळी सुटताना उघडू शकतं. घोडा पूर्ण चढवून सिलिंडर चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवा. किंचित हलणं चालतं, पण घर नळीसमोरून सरकताना डोळ्याला दिसलं तर चालत नाही. तसं असलं की गोळी नळीच्या काठाला घासून शिशाचे कण बाजूला उडतात, कधी धरणाऱ्याच्या हातावर. नळी आणि सिलिंडर यांच्यातली फट साधारण पाव मिलिमीटरच्या आत हवी. घोडा चढवलेला असताना अंगठ्याने पुढे ढकलून बघा. तो सुटून पडला तर आतली खाच गेली आहे, थेट कारागिराकडे. शेवटी मागून पांढरा कागद धरून नळीत बघा. चक्राकार खोबणी धारदार दिसायला हव्यात. काळे खड्डे म्हणजे आत गंज लागलेला आहे.

अशा बऱ्याच जुन्या हत्यारांत घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये अडसर नसतो. भरलेलं हत्यार घोड्यावर पडलं तर गोळी सुटू शकते. म्हणून घोड्याखालचं घर रिकामंच ठेवायचं, सहाऐवजी पाच काडतुसं. काडतुसंही तीस वर्षांपूर्वीची असतील तर भरवशाची नाहीत. विक्रेत्याकडे विचारून ती नियमाप्रमाणे निकाली काढा.

प्रश्न: रेंजवर चाप ओढला, ‘टक’ झालं, गोळी सुटली नाही. लगेच उघडून बघितलं तर प्रशिक्षक ओरडले. का? (भुसावळ)

बरोबर ओरडले. कधी मसाला उशिराने पेटतो. नळी निशाण्याकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबायचं, मगच उघडायचं. याहून वाईट म्हणजे ‘फट्’ असा दबका आवाज येणं आणि धक्का न बसणं. गोळी नळीत अडकलेली असते. त्यावर दुसरी चालवली तर नळी फुटू शकते. थांबा, रिकामं करा, नळीत बघा.

हे होण्यामागे घरचीच कारणं असतात. आपला उन्हाळा ४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या छपराखालच्या पेटीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेली काडतुसं फुटत नाहीत, पण मसाला हळूहळू खराब होतो. ती पश्चिमेच्या भिंतीला न लागलेल्या, पक्क्या खोलीतल्या कपाटात ठेवा. दुसरं कारण तेल. ‘चांगलं राहावं’ म्हणून काडतुसांना तेल चोळणारे भेटतात. तेल टोपीच्या कडेने आत मुरतं आणि ठिणगी मरते. तेल फक्त हत्याराला, तेही बोटावर चकाकी दिसेल इतकंच. पावसाळ्यात महिन्यातून एकदा ब्रश, मग मऊ धोतराच्या पाच-सहा पट्ट्या, शेवटची पांढरी निघेपर्यंत. आणि चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवू नका. चामडं ओल धरतं, गंज तिथूनच चढतो.

प्रश्न: शेजाऱ्याची भिंत आणि आमची एकच. गोळी पलीकडे जाईल का? (नंदुरबार)

पत्रा, प्लायवूडचा दरवाजा, काच, यांतून सहज जाते. साडेचार इंची विटांची भिंत .३२ला सहसा अडवते, पण खिडकी, झरोका, विटांचे पोकळ सांधे नाही. जुन्या धाब्याच्या घरातली हातभर जाड मातीची भिंत उत्तम. शहाबादी फरशीवर किंवा काँक्रीटवर तिरकी लागलेली गोळी उडून कुठेही जाते. दिवसा उजेडात घरातून फिरा आणि प्रत्येक दारातून बघा: या दिशेला मागे कोण झोपतं? जिथे पाळणा आहे किंवा शेजाऱ्याची खिडकी आहे, ती दिशा कायमची बाद.

आणि टॉर्च घ्या. अंधारात हालचालीवर गोळी चालवायची नाही. रात्री उशिरा आलेला मुलगाही तसाच दिसतो. आधी मोठ्याने ‘कोण?’ विचारायचं, तोंड बघायचं. बंद खोलीत एक गोळी सुटली की कान बधिर होतात, आणि त्यानंतर ‘बाबा, मी आहे’ ऐकू येत नाही.

प्रश्न: परवान्याला वेळ लागतोय. गावात एक जण ‘गावठी’ लगेच आणून देतो म्हणतो. तोवर ते ठेवू का? (चोपडा)

नाही, भाऊ. एक दिवसही नाही. विनापरवाना हत्यार बाळगण्याला किमान २ आणि जास्तीत जास्त ५ वर्षं कैद आणि दंड. परवान्याचा अर्जही तिथेच संपतो. गावठी कट्ट्याच्या नळीची कुठेही दाबचाचणी झालेली नसते. ती पहिल्या गोळीला टिकली म्हणून दुसऱ्या गोळीला टिकेल असं नाही. फुटली की चालवणाऱ्याची बोटं जातात. सातपुड्याच्या सीमेवरून येणाऱ्या या मालामुळे आपल्याकडची किती पोरं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, ते तुम्हाला चोपड्यात राहून सांगायला नको. परवाना येईपर्यंत लोखंडी जाळीचा दरवाजा, आतून आडवा अडसर, अंगणात सौर दिवा, आणि फोनवर ११२.

प्रश्न: चोर घरात आला तर गोळी घालायचा हक्क आहे ना? (अमळनेर)

हक्क आहे, पण मोजून. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ४१ प्रमाणे जबरी चोरी, सूर्यास्तानंतर ते सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, किंवा मृत्यूची वा गंभीर दुखापतीची रास्त भीती वाटावी अशी चोरी वा घुसखोरी, यांत बचावाचा हक्क जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो. पण कलम ३७ सांगतं की बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा नाही, आणि पोलिसांची मदत मिळवायला वेळ असेल तर हा हक्क नाही. पाठ फिरवून कपाशीत पळणाऱ्यावर गोळी चालवली, तर तो बचाव ठरत नाही.

गोळी सुटलीच तर हत्यार खाली ठेवा, ११२ला फोन करा, जखमीला मदत बोलवा. हत्यार पुसू नका, काडतुसांच्या रिकाम्या केसेस उचलू नका.

प्रश्न: घरात सहा वर्षांची नात. उशाशी ठेवलं नाही तर उपयोग काय, आणि ठेवलं तर भीती. वैशाखात आम्ही सगळे गच्चीवर झोपतो, तेव्हा काय करायचं? (जामनेर)

काका, तुमच्या पत्राला आम्ही सगळ्यांत जास्त वेळ दिला. उशीखाली, गादीखाली, कपड्यांच्या घडीत: यांतलं काहीच नाही. सहा वर्षांच्या मुलीचं बोट कमजोर असतं, पण ती दोन्ही अंगठे चापावर लावते, आणि नळी तेव्हा तिच्याच छातीकडे असते. घोडा चढवलेला असेल तर तेवढंही लागत नाही.

भिंतीत बोल्टने बसवलेली, अंकी कुलपाची छोटी पोलादी पेटी घ्या. मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, झोपायच्या खोलीत. काडतुसं त्याच खोलीत, पण वेगळ्या कुलपात. अंधारात, दिवा न लावता दोन्ही उघडून हत्यार भरायला किती सेकंद लागतात, ते घड्याळ लावून मोजा, डमी काडतुसांनी. आठ दिवस रोज केलंत तर निम्म्याने कमी होतात. अंक नातीच्या वाढदिवसाचा ठेवू नका. घरात कुणी खूप निराश असेल, दारूच्या आहारी असेल, तर पेटीही नको. हत्यार विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करा आणि पावती जपा. निवडणुकीत जमा करायचा आदेश आला की करतो तसंच.

आणि गच्चीवर झोपायच्या रात्री हत्यार खाली, पेटीत कुलूपबंद. वर आणायचं नाही. पोरं, पाण्याचा माठ, गोधड्या, रात्री उठणारी माणसं, यांच्यात भरलेलं हत्यार ठेवायला सुरक्षित जागा नसते. खाली आवाज आला तर ते आणायला जिना उतरायचा नाही, कारण जिन्यात तुम्ही वरून उजेडात दिसता आणि तो अंधारात असतो. गच्चीच्या दाराला वरच्या बाजूने मजबूत कडी आत्ताच बसवून घ्या. कडी लावा, ११२ फिरवा, शेजाऱ्यांना हाका मारा. खालचं सोनं-नाणं गेलं तरी माणसं सगळी वरच आहेत.